रविवारचे विद्यापीठ

विद्यापीठाचा इतिहास लिहायला घेतला की कागद आपोआप गोळा होतात. अधिनियमाची प्रत, वार्षिक अहवाल, दीक्षान्त समारंभातली भाषणे, कोनशिलांवरच्या तारखा. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा असा इतिहास सांगणे अवघड नाही. महाराष्ट्र विधिमंडळाच्या १९८९ च्या विसाव्या अधिनियमाने ते अस्तित्वात आले. स्थापनेचा दिवस १ जुलै १९८९. मुख्यालय नाशिकला. पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले. गंगापूर धरणाच्या बाजूला, गोवर्धन गावाजवळ ‘ज्ञानगंगोत्री’ हा परिसर उभा राहिला आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद महाराष्ट्रभर पोचले. अमरावती, नागपूर, औरंगाबाद, नांदेड, नाशिक, पुणे, मुंबई आणि कोल्हापूर अशी आठ विभागीय केंद्रे झाली.

मात्र ज्या लाखो माणसांनी या विद्यापीठाची पदवी घेतली, त्यांतल्या बहुतेकांनी ज्ञानगंगोत्री कधी पाहिलेली नाही. त्यांच्या लेखी विद्यापीठ म्हणजे तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयाची एक वर्गखोली, रविवारची सकाळ, टपालाने किंवा केंद्रावर मिळालेला पुस्तकांचा संच आणि फळ्यासमोर उभा असलेला समंत्रक. हा समंत्रक विद्यापीठाचा पूर्णवेळ नोकर कधीच नव्हता. आठवडाभर तो दुसरीकडे शिकवायचा आणि रविवारी इथे यायचा. मीही अशाच एका केंद्रावर बरीच वर्षे राज्यशास्त्र शिकवले. माझे म्हणणे एवढेच आहे की, हे विद्यापीठ या अर्धवेळ शिकवणाऱ्यांनी चालवले आणि संस्थेच्या इतिहासात त्यांना त्या मानाने फार थोडी जागा मिळाली आहे. म्हणून या स्मरणिकेतला हा इतिहास त्यांच्या बाजूने लिहितो आहे.

नोकरी सांभाळून शिकणारा विद्यार्थी आणि त्याला शिकवणारा अर्धवेळ अध्यापक ही जोडी महाराष्ट्राला १९८९ मध्ये नव्याने भेटली असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२५ ते १९२८ या काळात मुंबईत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये अर्धवेळ शिकवीत. विषय व्यापारी कायदा. पुढे १९२८ मध्ये शासकीय विधी महाविद्यालयातही त्यांनी अर्धवेळ अध्यापन केले. वकिलीचा जम अजून बसायचा होता आणि सार्वजनिक काम तर चारी बाजूंनी वाढत होते. दोन कामांच्या मधल्या वेळात शिकवणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. त्यांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा सकाळचे वर्ग हा त्या महाविद्यालयाचा महत्त्वाचा भाग होता. सकाळी तास, मग कचेरी किंवा कारखाना. महाविद्यालयाने आपले वेळापत्रक विद्यार्थ्याच्या पोटापाण्याशी जुळवून घ्यायचे, हा विचार मला मुक्त शिक्षणाच्या कितीतरी परिभाषेपेक्षा मोठा वाटतो.

मुंबई-पुण्याबाहेर मात्र ही सोय पोचली नाही. खेड्यातल्या माणसाला बहिःस्थ म्हणून परीक्षेला बसता येई, तेवढेच. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले, इतरांनीही तो मार्ग धरला. पाठ टपालाने यायचे, शंका टपालाने जायच्या, आणि कित्येकदा शंकेचे उत्तर परीक्षेनंतर यायचे. दुसरीकडे साक्षरतेचे काम जोरात होते. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि गावेच्या गावे साक्षर झाल्याचे सोहळे झाले. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. विद्यापीठांत प्रौढ व निरंतर शिक्षणाचे विभाग निघाले. पण सही करायला शिकलेला, चौथी-सातवीपर्यंत गेलेला, पुढे घरच्या ओढाताणीने शाळा सुटलेला माणूस महाविद्यालयाच्या दारापर्यंत कसा जाणार? साक्षरता वर्ग आणि पदवी यांच्यामध्ये मोठी दरी होती आणि ती ओलांडायला पूल नव्हता.

ब्रिटनमध्ये १९६९ मध्ये सनद मिळून १९७१ मध्ये मुक्त विद्यापीठाचे पहिले विद्यार्थी शिकू लागले होते. आपल्याकडे आंध्र प्रदेशाने १९८२ मध्ये पहिले मुक्त विद्यापीठ काढले, प्रा. जी. राम रेड्डी तिथले पहिले कुलगुरू आणि १९८५ मध्ये ‘इग्नू’ झाले तेव्हा तिथलेही तेच. महाराष्ट्राचे विद्यापीठ त्यानंतर चार वर्षांनी आले. ताकवले सर भौतिकशास्त्राचे अध्यापक, १९७८ ते १९८४ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. पारंपरिक विद्यापीठ आतून पाहिलेला माणूस नव्या विद्यापीठाला लाभला, याचा फायदा झाला. पुढे ते ‘इग्नू’चेही कुलगुरू झाले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

विद्यापीठाची रचना अशी होती. शिकवण्याचा मोठा भार पुस्तकावर. पुस्तक लिहिणारा विषयातला जाणकार, ते तपासणारा संपादक, आणि एकट्याने वाचणाऱ्याला ते समजेल की नाही हे पाहणारे वेगळे लोक. प्रत्येक पुस्तकाचे घटक पाडलेले. घटकाच्या आरंभी उद्दिष्टे आणि प्रास्ताविक, मग विषय-विवेचन, मध्येच स्वतःला तपासून पाहण्यासाठी छोटे प्रश्न आणि त्यांची उत्तरे घटकाच्या शेवटी, सारांश, पारिभाषिक शब्दांचे अर्थ, सरावासाठी स्वाध्याय, क्षेत्रीय कार्य, अधिक वाचनासाठी पुस्तकांची नावे. आज स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले ही पुस्तके मिळतील तिथून मिळवून वाचतात, ती या बांधेसूद मांडणीमुळेच. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र यांवर पदवीच्या पातळीचे सोपे, नेमके मराठी गद्य या पुस्तकांनी फार मोठ्या प्रमाणावर तयार केले. मराठीच्या कैवाराच्या चर्चांत या कामाचा उल्लेख सहसा होत नाही, तो व्हायला हवा.

पुस्तक घरी, आणि आधाराला अभ्यासकेंद्र. हे केंद्र बहुधा एखाद्या चालू महाविद्यालयात असते. इमारत, बाके, फळा, ग्रंथालय, सगळे त्यांचे. महाविद्यालयाचे प्राचार्य केंद्रप्रमुख, एक प्राध्यापक केंद्रसंयोजक, एखादा लिपिक आणि विषयवार समंत्रक. रविवारी संपर्कसत्र. विद्यापीठाने स्वतःच्या इमारती बांधत बसण्याऐवजी गावोगावी आधीच असलेल्या इमारती, आणि आधीच असलेली शिकवणारी माणसे, सुटीच्या दिवशी कामाला लावली. म्हणून थोड्या वर्षांत ते गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरू शकले.

पण इमारत उसनी घेता येते, शिकवण्याची रीत उसनी घेऊन चालत नाही. सोमवार ते शनिवार अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना पंचेचाळीस मिनिटांचे तास घेणारा प्राध्यापक रविवारी त्याच वर्गात यायचा आणि समोर वेगळीच माणसे असायची. एसटीचे वाहक, अंगणवाडी सेविका, पोलीस शिपाई, शिलाईकाम करणाऱ्या बायका, दूध संघातला कारकून, पतसंस्थेचा वसुली अधिकारी, क्वचित एखादे निवृत्त मास्तरही. कुणी मुलाच्या वयाचे, कुणी आपल्या वडिलांच्या. सवयीने प्राध्यापक व्याख्यान सुरू करायचा किंवा नोट्स उतरवून द्यायचा. पुस्तक समोर असताना नोट्स कशाला, हे त्याला हळूहळू कळायचे. समंत्रकांच्या प्रशिक्षण शिबिरांत हेच पुन्हा पुन्हा सांगितले जाई: घटक वाचून दाखवू नका, विद्यार्थी कुठे अडला ते विचारा.

आता ‘कुठे अडला ते विचारा’ हे सांगायला सोपे. मोठ्या वयाचा विद्यार्थी आपण अडलो आहोत हे चारचौघांत सांगत नाही. ‘समजलं का?’ असे विचारले की सगळ्या माना हलतात. म्हणून अनुभवी समंत्रकांनी आपापल्या युक्त्या काढल्या. आमच्या केंद्रावरचे अर्थशास्त्राचे सहकारी प्रत्येकाला पुस्तकातला एक न कळलेला शब्द चिठ्ठीवर लिहायला लावत आणि चिठ्ठ्या गोळा करून त्या क्रमानेच सत्र घेत. नाव लिहायचे नाही. त्या चिठ्ठ्यांत ‘सीमान्त’, ‘लवचीकता’ असे शब्द असत, तसेच ‘उदाहरणार्थ’, ‘अनुक्रमे’ हेही असत. ‘अनुक्रमे’ कळला नाही तर पान कळत नाही, हे बारावी करून थेट पदवीला आलेल्या मुलांना शिकवताना कधी लक्षात आले नसते.

इथे पूर्वतयारी अभ्यासक्रमाबद्दल सांगितले पाहिजे, कारण या विद्यापीठाची खरी धडाडी तिथे दिसली. बारावी झालेली नाही, दहावीही नाही, अशा अठरा वर्षे पूर्ण केलेल्या माणसाला पूर्वतयारी अभ्यासक्रम करून पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेता येई. मघाशी ज्या दरीचा उल्लेख केला ती ओलांडायचा हा पूल. त्यावर टीका झाली, पदवी स्वस्त होईल असे लिहिले-बोलले गेले. ज्यांनी रविवारी त्या वर्गांत उभे राहून शिकवले त्यांना ही टीका पटणे शक्य नव्हते. वीस वर्षांत हातात पेन धरलेले नाही, अशी बाई पहिल्या सत्राला येते, अर्जावर स्वतःचे पूर्ण नाव लिहायला तिला वेळ लागतो, ‘आडनाव आधी का नंतर?’ असे ती विचारते, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती मराठीच्या उताऱ्यावरचे प्रश्न सोडवते. यात स्वस्त काय आहे?

परीक्षेचे तंत्र शिकवणे हा समंत्रकाच्या कामाचा मोठा भाग होता आणि अहवालात त्याला कुठलाच रकाना नाही. लांबलचक कायम नोंदणी क्रमांक चौकोनांत अचूक कसा भरायचा. ‘टिपा लिहा’ आणि ‘थोडक्यात उत्तरे लिहा’ यांत काय फरक. पाच गुणांच्या प्रश्नाला किती लिहायचे. परिच्छेद कुठे तोडायचा. महाविद्यालयीन मुलांनी हे दहा वर्षे शाळेत गिरवलेले असते; या विद्यार्थ्यांना ते दोन-तीन रविवारांत द्यावे लागे.

एक स्वाध्याय मला अजून जसाच्या तसा आठवतो. विद्यार्थी ग्रामपंचायतीत शिपाई. प्रश्न होता ग्रामसभेच्या कार्यांचा. उत्तराच्या वरच्या बाजूला डावीकडे त्याने लिहिले होते, ‘मा. परीक्षक महोदय यांस’. खाली ‘विषय : ग्रामसभेची कार्ये सांगणेबाबत’. मग ‘महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की’, आणि त्यापुढे एकाखाली एक मुद्दे. शेवटी ‘आपला विश्वासू’ आणि सही. आयुष्यात त्याने जेवढे म्हणून लिहिले होते ते अर्जच होते. दुसऱ्यांचेही तोच लिहून द्यायचा. मुद्दे सगळे बरोबर होते. शिवाय गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला गणपूर्तीची अट राहत नाही, आणि त्याचा फायदा कोण कसा घेतो, हे त्याने दोन ओळींत लिहिले होते. ते त्याच्या कामातून आलेले होते. मी मजकुराचे गुण पूर्ण दिले आणि पुढच्या सत्रात, कुणाचे नाव न घेता, फळ्याचे दोन भाग करून एकीकडे अर्ज आणि दुसरीकडे तेच मुद्दे उत्तराच्या रूपात लिहून दाखवले. त्या दिवशी वर्गातल्या निम्म्या लोकांनी दोन्ही बाजू वहीत उतरवून घेतल्या. अर्जाचा नमुनाही त्यांना हवाच होता.

स्थानिक स्वराज्य संस्थांचा घटक शिकवताना वर्गात नेहमी अशी कामाची माणसे निघत. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली, महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे आरक्षण निम्म्यावर नेले. निवडून आलेल्या बायका अभ्यासकेंद्रावर येऊ लागल्या. त्यांना पदवी नोकरीसाठी नको होती. ग्रामसेवकाने पुढे केलेला कागद आपला आपण वाचून मग सही करायची, एवढा त्यांचा हेतू होता आणि तो त्या स्पष्ट सांगत. अंगणवाडीच्या सेविकांना मुख्यसेविका व्हायचे होते, शिपायांना कारकून, कारकुनांना त्याच्या वरचे काही. पदोन्नतीचे गणित साधे होते आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखे काही नव्हते. पहिल्याच सत्रात ‘सर, ही पदवी नोकरीला चालते ना?’ हा प्रश्न ठरलेला. मुक्त विद्यापीठाच्या पदव्या इतर विद्यापीठांच्या बरोबरीच्या आहेत, अशा अर्थाच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पत्राची झेरॉक्स कित्येक केंद्रसंयोजकांच्या पिशवीत कायम असे. विद्यार्थी ती मागून घेत आणि आपल्या साहेबाला नेऊन दाखवत.

हजेरीची सक्ती नव्हती. पहिल्या सत्राला वर्ग भरून जाई, पुढे निम्मा. जूनमध्ये पेरणी, पुढे सुगी, साखर कारखान्यांच्या भागात गळीत हंगाम, मग लग्नसराई. दर आठवड्याला येणारे थोडे, आणि परीक्षा जवळ आली की पुन्हा सगळे. पूर्णवेळ महाविद्यालयात अशा हजेरीला अनास्था म्हटले असते. इथे समंत्रकाला ती पिकाच्या वेळापत्रकासारखी पाठ व्हायची. कोणता अवघड घटक कोणत्या महिन्यात घ्यायचा, हे तो त्याप्रमाणे ठरवायचा. दुपारची सत्रे बायकांना जड जायची, कारण रविवारी घरी पाहुणे. काही केंद्रांनी सत्रे सकाळी लवकर घेतली. काही ठिकाणी बायका लहान मुलांना घेऊन येत आणि ग्रंथालयाचा शिपाई त्यांना सांभाळे. असे निर्णय नाशिकहून आलेले नव्हते. ते केंद्रावर झाले आणि कुठे नोंदले गेले नाहीत.

तुरुंगांतली केंद्रे हा या इतिहासातला वेगळा भाग आहे. नागपूर आणि नाशिक रोड इथल्या मध्यवर्ती कारागृहांत मुक्त विद्यापीठाची सोय झाली आणि शिक्षा भोगणाऱ्या माणसांनी आत राहून पदव्या घेतल्या. विनोबांची गीता प्रवचने १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्याच महाराष्ट्रात पुढे साध्या कैद्याला बी. ए.चा समंत्रक भेटायला जाऊ लागला, हेही ठाऊक असावे. ज्या सहकाऱ्यांनी हे काम केले त्यांच्याकडून एक गोष्ट ऐकली आहे: तिथे वर्ग कधी अर्धा रिकामा नसतो आणि पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलेले असते.

समंत्रक कोण होते, ते आता पाहू. सुरुवातीच्या वर्षांत बहुतेक जण अनुदानित महाविद्यालयांतले कायम प्राध्यापक. पगार निश्चित होता. रविवारचे मानधन त्यांच्या संसाराला फारसे लागत नव्हते. अनेकांनी ते सामाजिक काम म्हणून केले, राष्ट्रीय सेवा योजनेसारखे. नंतर चित्र बदलले. महाविद्यालयांतल्या कायम जागांची भरती रेंगाळत गेली आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची संख्या वाढली. नेट-सेट झालेला, कित्येकदा पीएच. डी. झालेला तरुण आठवडाभर दोन महाविद्यालयांत तासांच्या हिशेबाने शिकवतो आणि रविवारी सत्रांच्या हिशेबाने समंत्रक होतो. त्याच्याकडे कुठलेच काम पूर्णवेळ नाही, आणि दिवस मात्र पूर्ण भरलेला आहे. बाकावर बसलेला विद्यार्थीही तसाच: कंत्राटी, हंगामी, रोजंदारीवरचा. दोघे एकमेकांना ओळखतात. या पिढीचे समंत्रक विद्यार्थ्यांशी ज्या बरोबरीने बोलतात ती आम्हा कायम नोकरीवाल्यांना साधली नव्हती, असे मला मनापासून वाटते.

पण ही बरोबरी अडचणीतून आली आहे, म्हणून तिचे कौतुक करून थांबता येत नाही. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात पहिल्यापासून शिकवण्याचा भार अर्धवेळ शिक्षकांवरच आहे. तिथे अनेक वर्षे नेमणूक अभ्यासक्रमापुरती असे. अभ्यासक्रम बंद झाला की काम संपले. संघटनेच्या दीर्घ वाटाघाटींनंतर २०२२ मध्ये त्यांना कायम स्वरूपाचे करार मिळाले. काम अर्धवेळच राहिले, नेमणूक मात्र पक्की झाली. रजा, प्रशिक्षण, पुढच्या वर्षीची खात्री, सगळे त्याबरोबर आले. आपल्याकडचा कायदा वेगळा, पैशांची व्यवस्था वेगळी, अभ्यासकेंद्र आणि विद्यापीठ यांचे नातेही वेगळे, हे मान्य करूनही मी म्हणेन की अर्धवेळ शिक्षक म्हणजे आज आहे, उद्या नाही, ही समजूत सोडून द्यायला हरकत नाही. निरंतर शिक्षण द्यायचे असेल तर शिक्षकालाही थोडे सातत्य लागते. विद्यार्थी तीन-चार वर्षांत पदवी पुरी करतो, कित्येकदा आठ वर्षे घेतो. एवढ्या काळात तोच चेहरा पुन्हा भेटला तर तो परीक्षेला बसतो, नाहीतर सोडून देतो. आमच्या केंद्रावर मधेच गळालेले विद्यार्थी परत आणले ते बहुतेक वेळा समंत्रकानेच, बाजारात किंवा एसटी स्टँडवर गाठून.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि संपर्कसत्रे मोबाईलवर गेली. ज्या विद्यापीठाने अंतर मिटवायचे म्हणून जन्म घेतला त्याला हे जमायला हवे होते, आणि बऱ्याच अंशी जमले. व्हॉट्सॲपचे गट झाले, घटकांवरचे छोटे ध्वनिमुद्रित खुलासे फिरू लागले. रात्री दहाला, घरची भांडी आवरून झाल्यावर, एखादी विद्यार्थिनी शंका विचारू लागली. रविवारपर्यंत थांबायची गरज उरली नाही. समंत्रकाचे काम त्यामुळे मोजण्याच्या पलीकडे गेले: सत्र दोन तासांचे, पण गट चोवीस तास जागा. दरम्यान विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१७ आणि २०२० च्या नियमावल्यांनी दूरशिक्षणाच्या केंद्रांची घडी अधिक काटेकोर केली. कागदपत्रे, पात्रता, तपासणी वाढली. काटेकोरपणा चांगलाच, ढिलाईने चालणारी केंद्रे होती आणि त्यांनी चांगल्या केंद्रांचे नाव खराब केले होते.

मोबाईलवरच्या सत्रांत एक गोष्ट राहून गेली, ती म्हणजे सत्रानंतरचा अर्धा तास. वर्ग सुटला की काही विद्यार्थी मागे रेंगाळत. कुणाला मुलीच्या प्रवेशाचे विचारायचे असे, कुणाला जातवैधतेच्या कागदांचे, कुणाला पुढे एम. ए. करता येईल का याचे. त्या अर्ध्या तासात समंत्रक तालुक्यातला विद्यापीठाचा प्रतिनिधी असे, आणि कित्येक घरांतली पुढची पिढी महाविद्यालयात गेली ती तिथे मिळालेल्या माहितीवर. आता प्रत्यक्ष सत्रे पुन्हा भरू लागली आहेत. वेळापत्रक आखताना दोन सत्रांच्या मध्ये ही मोकळी जागा मुद्दाम ठेवावी, अशी माझी केंद्रसंयोजकांना विनंती आहे.

विद्यापीठाच्या पाठ्यपुस्तकांवर लेखक-संपादकांची नावे आहेत आणि ती राहतील. समंत्रकांची नावे मात्र मानधनाच्या देयकांवर आहेत: नाव, विषय, सत्रांची संख्या, दिनांक, सही. जुनी देयके मुदत संपली की रद्दीत काढण्याची पद्धत सगळीकडेच आहे. त्याआधी प्रत्येक अभ्यासकेंद्राने आपापल्या समंत्रकांची यादी करून विभागीय केंद्राकडे द्यावी आणि आठही याद्या ज्ञानगंगोत्रीच्या ग्रंथालयात एकत्र ठेवाव्यात. यादीत नाव आणि विषयाबरोबर कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत शिकवले, मूळ नोकरी कुठे होती, आणि शिकवण्याची स्वतःची एखादी रीत बसवली असेल तर ती चार ओळींत, एवढे असावे. जिल्ह्याच्या ठिकाणची केंद्रे हे काम सहज करतील. १९९० च्या दशकात सुरू होऊन पुढे बंद पडलेल्या लहान केंद्रांचे कागद मिळणे कठीण आहे. तिथले पहिले केंद्रसंयोजक आता सत्तरी-पंचाहत्तरीचे आहेत, तेव्हा सुरुवात त्यांच्यापासून करावी लागेल.